सातच्या बातम्या

सकाळचे पावणेसात झाले होते. मुलाने रेडिओची पाठ उघडली, तसा म्हातारा खाटेवर धडपडत उठून बसला.

"अरे, आधी चौकशी तरी करून ये. असा काही नियम नाही."

"चौकशीला जाऊन हात दाखवून अवलक्षण कशाला? ऑफिसात सगळे बोलतायत. बिनपरवान्याचा रेडिओ सापडला की सहा महिने आत. माझी नोकरी सरकारी आहे, बाबा."

मुलगा पाणी खात्यात मीटर वाचायचा. दारोदार वाकून, चष्मा पुसून प्रत्येक आकडा दोनदा बघायचा. ही बातमी मात्र त्याने चहाबरोबर ऐकली होती आणि चहाबरोबरच गिळली होती.

"नियम नाही म्हणून सांगतोय ना!" म्हातारा ओरडला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. मग मिटलं आणि भिंतीकडे वळून आडवा झाला.

सून दारातून बघत होती. दोन वर्षं सासरा अंथरुणाला खिळलेला. रोज सातला तिला दार लोटून घ्यायला सांगायचा आणि आवाज बारीक करून रेडिओ कानाशी धरायचा. हवामान ऐकतो म्हणायचा. ज्याला खोलीबाहेर पडायचं नव्हतं त्याला हवामानाचं काय एवढं, हे कुणी विचारलं नाही.

मुलाने हातोडी घेतली. चुरा पिशवीत भरला आणि कामाला जाता जाता तीन वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकला. शहाणपणाची कमाल म्हणजे, 'आमच्या घरी रेडिओ नाही' असं लिहून द्यायला तो टपाल कचेरीतही गेला.

ओळखीचा कारकून कागद वाचून हसायलाच लागला. "कसला परवाना? इथूनच मिळायचा तो, पण केव्हाच बंद झाला. ही अफवा आहे म्हणून कालपासून सातच्या बातम्यांत सांगतायत. तुमची बहीणच सांगतेय की! आज निरोपही घेतला तिने, बदली झाली म्हणे. उद्यापासून दुसरं कुणी बातम्या देणार. घरात ऐकत नाही का कुणी?"

मुलाने सवयीने इकडेतिकडे पाहिलं. बहिणीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचा विषय निघाला की तो असाच आजूबाजूला बघायचा.

दुपारी तो घरी आला. निरोपाचं सांगायचा त्याला धीर झाला नाही. तो खाटेच्या कडेला बसला.

"बाबा, तुम्ही काल ऐकलं होतं. मग बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्याचा हात उशाशी, रिकाम्या जागेवर होता.

"कुणी सांगितलं, असं विचारलंस ना," तो म्हणाला. "या घरात तिचं नाव काढायचं नाही, हा नियम मात्र खरा होता. मीच केलेला."