उघड्यावरची रोपं

रोपं पुन्हा आडवी झाली होती.

हद्दूनं ट्रेपुढं उकिडवं बसून एकाला बोटानं उभं केलं. ते क्षणभर राहिलं आणि परत लोळलं. देठ दोऱ्यासारखे बारीक, पानं फिकी पिवळट. जन्मभर गांजा पिकवलेल्या माणसाला चार बोटं उंचीची रोपं उभी करता येईनात, म्हणजे काय म्हणायचं!

पण त्यानं पिकवलं ते डोंगरावर, मोकळ्या रानात. खोलीत दिव्याखाली रोपं करायची ही त्याची पहिलीच खेप. गांजाचे परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेनं परवाना दिला, बियाणं दिलं आणि सांगितलं, रोपं घरात करा, थंडी सरली की रानात लावा. लावणीपर्यंत ती जगली नाहीत तर परवाना दुसऱ्याला जाणार होता. रीफच्या डोंगरात, जिथं गांजा कायम चोरूनच पिकला, तिथं सरकारी शिक्क्याचा गांजा. हद्दूच्या बापानं ऐकलं असतं तर हसून हसून लोळला असता. उजळ माथ्यानं घ्यायचं आयुष्यातलं पहिलं पीक, आणि तेच डोळ्यांदेखत मरत होतं.

त्यानं पाणी कमी केलं. मग वाढवलं. माती बदलली, शेळीचं खत चाळून घातलं, जास्त झालंसं वाटलं म्हणून परत काढलं. शेजारीण म्हणाली दृष्ट लागली, तर धुरीही घातली. त्याची बायको यामना दारात उभी राहून सगळं बघायची. तिच्या जिभेला कधीच हाड नव्हतं.

"अहो, एवढी सेवा मेलेल्याची केली असती, तर त्यानंही उठून पुदिन्याचा चहा मागितला असता," ती म्हणाली.

शेवटी संस्थेतली इकराम आली. शेतकी शिकलेली, गावातलीच पोरगी. तिनं मातीत बोट खुपसलं, पानं उलटून पाहिली. पाणी ठीक, माती ठीक, रोग नाही. मग तिनं मान वर केली. खिडकीवर दोन घोंगड्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. आणि दिवा, त्याचा उजेड बाहेर दिसायला नको म्हणून पार वर, आढ्याला.

"काका, परवाना आहे ना तुमच्याकडं?"

"आहे की."

"मग लपवताय कुणापासून?"

हद्दूनं खिडकीकडं पाहिलं. घोंगड्या कधी ठोकल्या हे त्याला नीट आठवतही नव्हतं. गांजा म्हटलं की खिडकी झाकायची, हे हातांनाच ठाऊक होतं. त्याच्या नावाचं वॉरंट निघालं तेव्हा पोरं लहान होती. तेव्हापासून तो जंगलातल्या खोपटात राहिला. ईदला घरी नाही, लेकीच्या लग्नाला नाही. मागल्या उन्हाळ्यात डोंगरातल्या शेतकऱ्यांना माफी झाली आणि तो घरी आला. पण अजून तो दाराकडं पाठ करून जेवायला बसत नसे, आणि गाडी वाजली की मागच्या भिंतीकडं सरकायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत.

"माफी कागदाला मिळालीय, यांना नाही," यामना म्हणाली. "मी बाई एवढी वर्षं एकटी राहिले, पण कुणाला भ्यायले नाही."

इकरामनं सांगितलं, सकाळचं कोवळं ऊन द्या, वारा लागू द्या. वाऱ्यानं हललं की देठ जाड होतो. हे काय हद्दूला माहीत नव्हतं? तरी तो मान हलवत राहिला.

दुसऱ्या सकाळी त्यानं ट्रे अंगणात आणला. अंगणापलीकडं सडक होती, सगळं गाव तिथून जायचं. पूर्वेकडचा कोरडा शर्गी वारा सुटला, रोपं लटलटली. हद्दूनं आडवा हात धरला, तो यामनानं बाजूला केला. हद्दू तिथंच बसून राहिला.

ऊन जरा चढलं तसे शेंडे सूर्याकडं वळायला लागले. अगदी हळू, पण वळत होते. आडव्या पडलेल्यांतलं एक टोकाकडून उचललं गेलं, त्याला कुणी हात लावला नव्हता. हद्दू डोळे विस्फारून बघत राहिला. उभ्या जन्मात त्यानं या झाडाकडं भरदिवसा असं निवांत बसून पाहिलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि रडू येतंय याचंच त्याला नवल वाटलं.

मग तो रोजच ट्रे बाहेर आणू लागला. देठ जाड झाले, पानं गर्द हिरवी झाली. जाणारे येणारे थांबून बघायचे. हद्दू सलामाला सलाम द्यायचा, पण आवाज खालचाच.

अशाच एका सकाळी पोलिसांची जीप सडकेवर थांबली. परवानेवाल्यांची तपासणी होती. एक शिपाई कागद घेऊन अंगणात आला. हद्दूचे पाय मागच्या भिंतीकडं निघालेच होते. शिपायानं रोपांकडं पाहिलं आणि यामनाला विचारलं, "हे घर कुणाचं?"

"माझं," यामना म्हणाली. तिनं मान खाली घातली, डोक्यावरचा कपडा पुढं ओढला. "नवरा वारला माझा, साहेब. मी विधवा बाई."

हा आवाज हद्दूनं कधी ऐकला नव्हता. पोलीस दारात यायचे तेव्हा तो रानात असायचा; ती त्यांना काय सांगायची, हे त्याला आत्ता कळलं. तिनं कपड्याचं टोक मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. बोलून गेल्यावर तिलाच कळलं आपण काय बोललो, आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. शिपाई गोंधळून दोघांकडं बघू लागला.

हद्दू भिंतीकडून परत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"लिहा, साहेब," तो मोठ्यानं म्हणाला. "हद्दू. हिचा नवरा."