घड्या घालताना घातलेलं कोडं

हॉस्पिटलच्या धुलाईघरात आम्ही बायका समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालतो आणि हात चालू असताना एकमेकींना कोडी घालतो. नवीन आलेली बाई लढाईतून जीव वाचवून समुद्रापलीकडून आली होती. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. आमचं हसणं-खिदळणं सुरू झालं की ती मान खाली घालून आपल्या घड्या घालत राहायची.

त्या दिवशी मात्र तिनं हातातली चादर बाजूला ठेवली. दोन्ही हातांनी हवेत मडक्याचा आकार काढला आणि आत पाणी असल्यासारखं कानाशी हलवून पाहिलं. मग एक बोट पांढऱ्या चादरीला लावलं, दुसरं पिवळ्या अभ्र्याला. दोन्ही बोटं एकमेकांपासून लांब नेत तिनं ठामपणे मान हलवली. मिसळत नाही!

"अगं बाई, अंडं!" आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी ओरडल्या आणि त्यांनी कोंबडीचा आवाजही काढून दाखवला. ती बाई खळखळून हसली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

मावशींनी मात्र हातातली चादर खाली ठेवली.

"एका मडक्यात दोन रंगांचं पाणी. हे कोडं मला माझ्या आजीनं घातलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग हिला कुणी घातलं?" मी विचारलं.

"हिच्या आजीनं." मावशींनी चादर पुन्हा उचलली. "त्या दोघींच्या आज्यांच्या आज्या कधीतरी एका दारात गप्पा मारत बसल्या असणार गं."