ओव्हर संपली की

ओव्हर संपली आणि रिमोट चालला नाही.

नीलमने बटण पुन्हा दाबलं. मग अंगठा दुखेपर्यंत दाबलं. टीव्हीवर समुद्रकिनारा आला, चार-पाच पोरंपोरी हसत धावत आली आणि ते गाणं सुरू झालं.

जाहिरात यंदाचीच, नवी, आणि म्हणायला सोड्याची होती. सोड्यासाठी एवढं नाचणारं माणूस विक्रोळीत तरी कुणी पाहिलं नव्हतं. बाटलीवरचं नाव मात्र तेच, अक्षरं तीच, कोपऱ्यातला सोनेरी मासाही तोच. त्याच माशाच्या दारूच्या बाटल्या नीलमने वर्षानुवर्षं माळ्यावरून, कपाटामागून, एकदा तर तांदळाच्या डब्यातून बाहेर काढल्या होत्या. मागच्या गणपतीत नवऱ्याला, राजेशला, रक्ताची उलटी झाली. आता पुन्हा ग्लास तोंडाला लावलात तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून त्याने दारूला हात लावला नव्हता. सोडलेल्यांच्या मीटिंगला तो नेमाने जात होता.

क्रिकेट तेवढं उरलं होतं. माणसाकडून काढून घ्यायचं तरी किती, असं म्हणून नीलमने मॅच बंद केली नाही, रिमोट ताब्यात घेतला. ओव्हर संपली की ती झटक्यात दुसऱ्या चॅनलवर जायची आणि अंदाजाने परत यायची. एकदा त्या नादात विकेट हुकली, आणि घरादाराने भरली कारली कशी करतात ते पाहिलं. कुणी कुरकुर केली नाही. ती स्वयंपाकघरात असली की श्रुतिका रिमोट सांभाळायची. मायलेकींची अशी राखण चालली होती. इतक्या महिन्यांत ते गाणं या घरात पहिल्या ओळीपुढे गेलं नव्हतं.

श्रुतिकाची तशी काळजीच नव्हती. पार्ल्याला कॉलेज, सेकंड इयर. शनिवारी मैत्रिणीकडे, तेजलकडे, अभ्यासाला थांबायची आणि पुदिन्याचं च्युइंगम चघळत घरी येऊन थेट झोपायची. नीलमची सगळी काळजी एकाच माणसावर खर्च होत होती. राजेश कामावरून आला की ती दारातच त्याची बॅग घ्यायची आणि हळूच श्वासाचा वास घ्यायची. त्याला ते ठाऊक होतं. तो बिचारा क्षणभर उंबऱ्यात थांबायचा आणि तिला वास घेऊ द्यायचा.

आता तिने रिमोट तळहातावर आपटला. सेल काढले, गाऊनला घासले, परत घातले. काही नाही. टीव्हीचं बटण शोकेसच्या मागे होतं. उठून टीव्हीसमोर उभं राहावं, तर घरात आजवर कुणी न बोललेली गोष्ट उघड बोलल्यासारखी झाली असती. ती बसून राहिली आणि राजेशकडे बघू लागली.

टीव्हीतली पोरं आता टेबलाभोवती बसली होती. त्या जाहिरातीची एक खूण होती. ग्लास टेबलावर दोनदा टकटक वाजवायचा आणि एका दमात रिकामा करायचा. टकटक झाली. ती खोलीतही झाल्यासारखी नीलमला वाटली, जराशी आधीच. पण तिचा जीव कानात नव्हता, डोळ्यांत होता. राजेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने टीव्हीवरून मान फिरवली होती, जणू त्याला बघवत नव्हतं. गेलं सगळं, नीलमच्या मनात आलं. इतक्या महिन्यांची राखण दोन दमडीच्या सेलपायी गेली.

राजेश उठला आणि स्वयंपाकघरात गेला.

श्रुतिका मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिच्यासमोर टीपॉयवर कोकम सरबताचा ग्लास रिकामा होता. तू इथेच बस, असं तिला खुणेने सांगून नीलम आत धावली.

राजेश ओट्याला दोन्ही हात टेकून उभा होता. नीलमला रडूच फुटलं. उद्या सकाळी पहिले सेल आणते म्हणाली. नाहीतर मॅचच नको, केबल काढून टाकू म्हणाली. तो हलला नाही. तेव्हा तिला मीटिंगमधला त्याचा जुना सोबती आठवला. कितीही वाजता फोन करा, असं तो माणूस तिला बजावून गेला होता.

"अहो, बाळाकाकांना फोन लावू का?"

"लाव," राजेश म्हणाला. "पण माझ्यासाठी नको."

तिला कळेना. त्याने हॉलकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. आपण जाहिरात पाहिलीच नाही, तो म्हणाला. आपण पोरीकडे बघत होतो. तिची नजर मोबाइलमध्ये होती. गाणं ऐकता ऐकता तिने सरबताचा ग्लास उचलला, टीपॉयवर दोनदा वाजवला, टीव्हीतल्यांच्या आधी, आणि एका दमात रिकामा केला. सरबत काही कुणी असं पीत नाही. ग्लास असा कोण रिकामा करतं, ते त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"नीलम, ही जाहिरात तू या घरात कधी पुढे जाऊच दिली नाहीस," तो म्हणाला. "मग हिचा हात हे कुठे शिकला?"