मष्णूआप्पांचे कान

डॉक्टरबाईंनी तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि मष्णूआप्पांना ऐकू येणंच बंद झालं. पुठ्ठ्याआड त्या काहीतरी बोलत असणार, कारण कानातले डूल हलत होते. मग पुठ्ठा खाली आला.

"काय म्हणाले मी?"

"आत्ता म्हणालासा की, काय म्हणाले मी."

बाकावरच्या दोन बायका हसल्या. आप्पा हसले नाहीत.

खासबागच्या शाळेत एका आरोग्य फाउंडेशनचं शिबिर होतं. जन्म मागावर काढलेल्या विणकरांचे कान तपासायचे, खडखडाटानं कानाचं काय होतं ते समजावून सांगायचं, आणि त्याचा अभ्यास करायचा, हे त्यांचं काम. वडगावात रिक्षा फिरवून पुकारा केला होता. तो आप्पांच्या कानी पडणार कुठून? भिंतीवरचा कागद वाचून ते एकटेच चालत आले होते.

घरात मुलगा होता, सून होती. वाईट कुणीच नव्हतं. पण सून बोलायची ती स्वयंपाकघरातून, आणि मुलगा मोबाईलात बघत. आधी दोघं ओरडून बघायची, मग खुणा करू लागली, मग तेही सुटलं. समोर ताट यायचं, उचललं जायचं. भरल्या घरात आप्पा माणसांना पारखे झाले होते. याचं त्यांनी आपल्यापुरतं एक कारण शोधलं होतं, आणि त्यावरचं औषध विचारायला ते आले होते.

"बायकू गेली आणि त्या धक्क्यानं कान गेलं बघा, बाई. दोन वर्सं झाली. दुक्कानं गेल्यात, तर औषिदानं येतील न्हवं माघारी?"

डॉक्टर प्रियदर्शनीनं मशीनवर उमटलेली रेघ दोनदा पाहिली. वयानं ती त्यांच्या नातीएवढी. पण खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"आप्पा, हे धक्क्यानं नाही झालेलं. मागाच्या आवाजानं कान हळूहळू गेलेत. वीस वर्षं तरी झाली असतील. ते परत यायचे नाहीत. यंत्र लावलं तर थोडं ऐकू येईल."

आप्पा भडकले. "वीस वर्सं? कायबी काय सांगतासा! दोन वर्सांमागं अंबू बोलायची की माझ्यासंगट. जत्रंचं, पावण्यांचं, भाजीतल्या मिठाचं. एक शबुद चुकला न्हाय माझा!"

"आत्तासुद्धा तुम्ही माझे ओठ बघून समजून घेताय, आप्पा. पुठ्ठा धरला की काहीच कळत नाही तुम्हाला. बोलताना त्या कुठं असायच्या?"

आप्पा आठवू लागले.

अंबुबाई मागच्या खोलीत मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून यायची, मागाला वळसा घालून पुढ्यात उभी राहायची. आप्पा खेकसायचे, तिथनंच हाक मारायला काय धाड भरल्या तुला? ती नुसती हसायची, आणि त्यांनी मान वर केल्याशिवाय तोंड उघडायची नाही. लाईट गेली की चाचपडत बॅटरी शोधायची, उजेड स्वतःच्या तोंडावर धरायची आणि मगच बोलायची. एवढ्या वर्षांत तिनं हे ना त्यांना कळू दिलं, ना गल्लीला.

"आप्पा?" प्रियदर्शनीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्यांना रडू आवरेना. ती गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

"अंधाराला भितीया म्हणून," ते म्हणाले, "जन्मभर चिडवलं की वो मी तिला."