फळ्याचा कोपरा

मॉनिटर झाल्यापासून मला सगळं जमतं. म्हणून रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात मी आधीच लिहून टाकते, ‘पट ३१, हजर ३१’, आणि वर्गातल्या करिश्माला घरून आणायला पळते. नऊ दिवस झाले, रोज एकटीच परत येऊन एकतीसचे तीस करते. काल सर म्हणाले, “आता एक जरी खाडा पडला, तरी तिला दहावीच्या परीक्षेला बसता येणार नाही.”

आजही ती दारातच होती. कडेवर धाकटा भाऊ, डोळे जागरणाने सुजलेले. आई पहाटेच कांदे निवडायला गेलेली.

“रोज कशाला येतेस गं? पाय दुखत नाहीत तुझे?”

“दुखतात ना!” मी मटकन तिच्या पायरीवर बसले. खरंच दमले होते. “जाऊ दे. आज मीपण नाही जात.”

“वेडी का तू? वर्षभरात एक खाडा नाही तुझा!”

मी हललेच नाही. तिने एकदा शाळेच्या दिशेने पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग भावाला माझ्या मांडीवर आदळलं आणि खुंटीवरचं दप्तर काढलं. “चल, ऊठ. याला तूच घे. जड आहे मेला.”

हजेरीत तिचा नंबर येईपर्यंत ती बाकावर डोकं टेकून गाढ झोपली होती. मी तिला हलवणार, तोच सरांनी हाताने थांबवलं.

“झोपू दे. हजर आहे ती.”

भाऊ माझी वेणी ओढत होता. कंबर मोडली होती माझी. पण कोपऱ्यातला एकतीस आज पुसावा लागला नाही.