शेजारची कोठडी

मुंबईच्या एजंटाने पोलादपूरच्या शाळेच्या पडवीत टेबल मांडलं, तेवीस पासपोर्टांचा गठ्ठा समोर ठेवला आणि हसत सांगितलं की तुमची अट पुरी झाली, आता सह्या करा.

अट त्याच्या शेजारीच बाकावर बसली होती. रावजी गवंडी. आठ दिवसांपूर्वी तो आखातातून घरी परतला होता.

तिथे कामावरच्या मारामारीत एक माणूस दगावला होता. रावजीचा अंगठा त्याला न कळणाऱ्या कागदावर घेतला गेला आणि कोर्टाने त्याला देहान्ताची शिक्षा सुनावली. त्या देशात ती चौकात, लोकांसमोर, तलवारीने देतात. बातमी पोहोचली तेव्हा १९८३ साल उजाडलं होतं आणि महिपत मुकादमाची तेवीस जणांची टोळी त्याच देशात निघायच्या तयारीत होती. रावजीची बायको ठकूबाई टोळीपुढे येऊन उभी राहिली. माझा माणूस जिता परत येईस्तोवर तिकडे कुणी पाऊल टाकू नका, एवढंच तिने मागितलं. महिपतने मान हलवली. मग ती चालत वरंधला गेली, बिरवाडीला गेली, तिथल्या गवंड्यांनाही तेच सांगून आली. पाच महिने या खोऱ्यातून एकही गवंडी विमानात बसला नाही. एजंट ज्या कंपनीसाठी माणसं नेत होता तिच्या अर्धवट इमारती तशाच उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे कंपनीचा तिथला मालक हलला आणि मेलेल्याच्या घरच्यांच्या दारी जाऊन रावजीसाठी माफी मिळवून आला; तिथे घरच्यांनी माफ केलं की शिक्षा टळते. रावजी सुटला.

आज पडवीत साखर वाटली जात होती. पाच महिने घाटातल्या रस्त्यावर खडी फोडलेली माणसं नव्या सदऱ्यांत आली होती. महिपतने पेन हातात घेतलं, पण सही करण्याआधी रावजीकडे वळला. तू आल्यापासून तिकडचं काही बोललाच नाहीस, तो म्हणाला, आता आम्ही चाललोय तर काय ते सांग.

रावजीने सांगितलं. त्याच्या शेजारच्या कोठडीत एक माणूस होता, तोही देहान्ताच्या शिक्षेचाच. कुठल्या देशाचा ते कळलं नाही, भाषाही कळत नव्हती. रोज सकाळी तो भिंतीवर थाप मारायचा आणि एक नाव घ्यायचा. बायकोचं असेल, नाहीतर लेकीचं. मग रावजी थाप मारून ठकूचं नाव घ्यायचा. एवढंच त्यांचं बोलणं. रावजीला सोडायला शिपाई आले त्या सकाळीही थाप आली होती.

"ती भिंत नवी होती, महिपतदादा," रावजी म्हणाला. "गिलावा लय सफाईचा. हात लावला की कळायचं, आपल्यासारख्याच कुणीतरी केलेला हाय."

साखर वाटणारा हात थांबला. महिपतने पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं.

एजंटाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने समजूत घातली. तुमचा माणूस सुटला, हा कोठडीतला तुमचा कोण? ना जातीचा ना गावचा. त्याने काय केलंय तेही तुम्हाला ठाऊक नाही. महिपत म्हणाला की खरंय, ठाऊक नाही.

"आणि आपल्याकडे फाशी देत नाहीत काय, मुकादम?"

"देतात," महिपत म्हणाला. "आपल्याकडच्या फाशीच्या तुरुंगाचं काम आलं तर तिथंबी हेच सांगीन. मान उडवणाऱ्यांसाठी आम्ही थापी धरणार नाय. रावजीसाठी अडलो, तवा आमच्यापुरतं बघितलं. आता तेवढ्यावर भागत नाय."

एजंटाचा आवाज चढला. दुसरी टोळी उद्या उभी करीन, वरंधला माणसं आहेत, बिरवाडीला तर खोल्याखोल्यांतून गवंडी भरलेत, तो म्हणाला.

पडवीच्या खांबाशी उभ्या ठकूबाईने पदर खोचला. "बिरवाडीला मी परवा गेले व्हते, सायब. वरंधला काल. ह्यांनी मला पयल्याच राती समदं सांगितलं. आपल्या गावाला ह्यांच्याच तोंडून कळू दे म्हणून इथं गप ऱ्हायले."

"मग काय म्हणाले ते?"

"जे महिपतदादा म्हणाले."

मग सोनबा पुढे आला. टोळीत वयाने सर्वांत लहान, आणि परदेशाची सर्वांत जास्त घाई त्यालाच होती. त्याने आपला पासपोर्ट मागितला. एजंटाने त्याच्याकडे पाहिलं, नाव वाचलं, पासपोर्ट दिला. सोनबाने तो खिशात घातला आणि बाजूला जाऊन ताठ उभा राहिला. त्याच्यामागे रांग लागली. एजंट एकेक नाव पुकारू लागला आणि एकेक जण "हाजर" म्हणत पुढे येऊ लागला. पहिल्या चारपाच जणांचा आवाज बारीक होता. दहाव्याला पडवीत हसू फुटलं. विसावं नाव पुकारेपर्यंत रस्त्यावरची माणसं येऊन कुंपणाशी उभी राहिली होती, आणि प्रत्येक "हाजर" त्यांना ऐकू जात होता. रावजी बाकावरून उठून उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

शेवटचा पासपोर्ट महिपतचा. तो देताना एजंटाने हळू आवाजात विचारलं, "कंपनीला मी काय सांगू, मुकादम? माणसं मिळत नाहीत म्हणून?"

"तसं नका सांगू," महिपत म्हणाला. "माणसं हायत म्हणावं. यायची नायत."