गाठ विरेपर्यंत

“अहो, हात गार आहे तुमचा. आधी चोळा,” कालिंदीबाई म्हणाल्या. वामनरावांनी तळवे एकमेकांवर घासले आणि ब्लाउजच्या आत, डाव्या स्तनावर बोटं टेकवली.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिथे सुई घालून कॅन्सरची गाठ उष्णतेने जाळली होती. ना कापाकापी, ना टाके. “मेलेली गाठ हाताला लागेल, हळूहळू विरेल. घरी तपासत राहा,” असं त्यांनी सांगितलं होतं. मधुमेहामुळे कालिंदीबाईंची बोटं बधिर, म्हणून दर रविवारचं हे काम वामनरावांकडे आलं. वामनरावांच्या घोरण्यामुळे बारा वर्षं दोघं वेगळ्या खोल्यांत झोपत. पुन्हा जवळ जायचा धीर त्यांना झालाच नव्हता. आता सोमवारपासूनच ते रविवारची वाट बघत, आणि त्याची त्यांना लाज वाटे.

आवळ्याएवढी गाठ बोराएवढी झाली, मग वाटाण्याएवढी. आज बोटांना काहीच लागेना. ‘अजून आहे’ असं खोटंच सांगावं, असं क्षणभर वाटलं.

“गेली,” ते म्हणाले आणि हात काढू लागले.

कालिंदीबाईंनी तो वरून दाबून धरला. “गेली तर गेली. तुम्हाला कुठे जायचंय?”